नळाला तांबडं पाणी आलं, त्यानंतर: टूसॉनच्या भूजल पुनर्भरणाचं प्रकरण

नोव्हेंबर १९९२. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टूसॉन शहर. त्या महिन्यात तिथल्या हजारो घरांच्या नळांना नवं पाणी आलं, कोलोरॅडो नदीचं. सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, पंपांनी टप्प्याटप्प्यानं जवळपास २,९०० फूट वर चढवून आणलेलं. या कालव्यासाठी राज्यातल्या पुढाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले होते आणि सुमारे चार अब्ज डॉलर खर्ची पडले होते. वाळवंटात नदी आली म्हणून लोकांनी पेढे वाटायला हवे होते. पण नळ सोडला की बादलीत पडायचं ते गंजाच्या रंगाचं, वास मारणारं पाणी. धुतलेल्या कपड्यांवर डाग पडू लागले, गीझर खराब झाले, जुने पाइप फुटू लागले, घरच्या टाकीत पाळलेले मासे मेल्याच्या तक्रारी आल्या.

पाण्यात मुळात खोट नव्हती. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते पिण्याच्या सगळ्या निकषांत बसत होतं. खोट होती ती जमिनीखालच्या पाइपांत. बिडाच्या आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पाइपांतून वर्षानुवर्षं फक्त बोअरचं पाणी वाहिलेलं. त्या पाण्याच्या संगतीनं आतून गंजाचा एक थर बसला होता आणि तो जागच्या जागी टिकून होता. नवं पाणी जास्त क्षारांचं, वेगळ्या रसायनाचं. शिवाय आधी शहरभर विखुरलेल्या विहिरींतून पाणी येत असे, आता ते एकाच बाजूनं येऊ लागल्यामुळे काही भागांत पाइपातल्या प्रवाहाची दिशाच उलटली. थर सुटला आणि लोकांच्या बादलीत उतरला. आमचं पाणी निकषांत बसतं, हे पाणी खात्याचं म्हणणं खरं होतं. पण ज्या बाईच्या हातात तांबडा झालेला पांढरा सदरा आहे, तिला ते सांगून काय उपयोग?

१९९४ मध्ये हे पाणी बंद करावं लागलं. १९९५ मध्ये नागरिकांनी मतदानानं कायदाच करून घेतला: कोलोरॅडोचं पाणी भूजलाच्या तोडीचं केल्याशिवाय थेट नळात सोडायचं नाही. म्हणजे वेशीपर्यंत पाणी आलेलं, त्याचे पैसे चालू, आणि ते घरात घ्यायला कायद्यानं बंदी.

यातून शहरानं जी वाट काढली ती या प्रकरणाचा गाभा आहे. पाणी नळात नाही सोडायचं? मग जमिनीत सोडू. टूसॉन आज भूजल पुनर्भरणाचं आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराचं आदर्श उदाहरण म्हणून दाखवलं जातं. ती कीर्ती बव्हंशी खरी आहे. पण ती कथा 'दूरदृष्टीच्या नियोजनाची' म्हणून सांगितली जाते तेव्हा मला थोडं हसू येतं. त्यातलं बरंचसं मार खाऊन, कोर्टात जाऊन आणि निवडणुका हरून शिकलेलं आहे.

उपशाची सवय

टूसॉन सोनोरा वाळवंटात वसलंय. वर्षाचा पाऊस साधारण ११-१२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आतबाहेर. आपल्या दुष्काळी माण तालुक्यातही याहून बरा पडतो. थोडा पाऊस हिवाळ्यात, बाकी जुलै ते सप्टेंबरच्या वळवासारख्या धुवाधार सरींत. तरीही या जागी चार हजार वर्षांपूर्वीच्या मक्याच्या शेतीचे पुरावे सापडतात, कारण सांता क्रूझ नदी. ही नदी ॲरिझोनात उगम पावते, दक्षिणेला मेक्सिकोत जाते, तिथं वळसा घेऊन परत उत्तरेला येते आणि टूसॉनमधून पुढे जाते. शहराचं नावही मूळच्या ओओधाम लोकांच्या भाषेतलं, 'काळ्या टेकडीच्या पायथ्याशी' अशा अर्थाचं. त्या टेकडीच्या पायथ्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नदी आणि झरे वाहते होते.

मग पंप आले. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरींतून उपसणारे विजेचे पंप स्वस्त झाले आणि शहर, कापसाची शेती, तांब्याच्या खाणी असे सगळेच एका भूगर्भातून ओढू लागले. नदी कोरडी पडली. काठची मेस्किटची वनं वाळली. (मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत भावंडं. ती वाळली म्हणजे पाणी किती खोल गेलं असेल याचा अंदाज यावा.) शहराच्या मध्यभागी पाण्याची पातळी काही ठिकाणी २०० फुटांहून जास्त उतरली, जमीनही खचू लागली. तरी नळाला पाणी येतच होतं. नळाला पाणी येत असलं की विहिरीत कोण डोकावतंय!

१९७६ मध्ये नगरपरिषदेनं पहिल्यांदा या उपशाची खरी किंमत पाणीपट्टीत लावली. उंचावरच्या वस्त्यांना पाणी चढवायला वीज जास्त लागते, म्हणून त्यांना दरही जास्त. उन्हाळ्याची बिलं हातात पडली आणि शहर पेटलं. जानेवारी १९७७ मध्ये मतदारांनी त्या नगरसेवकांना मुदतीआधी घरी पाठवलं. गंमत अशी की नव्यानं आलेल्यांनी आकडेमोड पाहिली आणि ते वाढीव दर बरेचसे तसेच ठेवले. सोबत 'पीट' नावाच्या चोचीवाल्या बदकाला पुढे करून उन्हाळ्यात एक दिवसाआड आणि संध्याकाळची वेळ टाळून बागेला पाणी घालण्याची मोहीम काढली. बदकानं जे साधलं ते नगरसेवकांना साधलं नव्हतं.

याच सुमारास शहरानं दुसरीही एक गोष्ट केली, तिच्याबद्दल आज फारसं अभिमानानं बोललं जात नाही. पश्चिमेच्या डोंगरापलीकडे अव्रा खोरं आहे. तिथली २० हजार एकरांहून जास्त शेतजमीन टूसॉननं विकत घेतली. शेती करण्यासाठी नव्हे, ती बंद करून तिच्याखालचं पाणी शहराकडे वळवण्यासाठी. त्यावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. शेतकरी उठले आणि शेतं पडीक झाली. मोठ्या शहराशेजारच्या गावात जो राहिला आहे त्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही. या पडीक शेतांकडे आपल्याला पुन्हा यायचंय.

१९८० मध्ये राज्यानं भूजल व्यवस्थापन कायदा केला. तोही खुशीनं नव्हे. उपशाला लगाम घातल्याशिवाय कालव्याला पैसे नाहीत, असा दम केंद्राचे गृहमंत्री सेसिल अँड्रस यांनी दिला आणि राज्यपाल ब्रूस बॅबिट यांनी शहरं, खाणी आणि शेतकरी यांना एका टेबलाशी बसवून तोडगा काढला. (अमेरिकेत 'इंटिरियर' खात्याचा कारभार पाणी, जमिनी आणि आदिवासींशी निगडित असतो, पोलिसांशी नाही.) कायद्यानं टूसॉनला उद्दिष्ट दिलं: २०२५ पर्यंत जेवढं पाणी जमिनीत जातं तेवढंच उपसायचं. पुढे नियम आले की नव्या वसाहतीला परवानगी हवी असेल तर शंभर वर्षांचं पाणी आधी दाखवा. त्यासाठी भूजलाबाहेरचं पाणी लागणार, म्हणजे कालवा. आणि कालव्याचं पाणी नळात आलं तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

पडीक शेतातला पाझर तलाव

१९९५ च्या मतदानानंतर शहराकडे तीन गोष्टी होत्या: कालव्यातलं हक्काचं पाणी, अव्रा खोऱ्यातली पडीक जमीन आणि त्या जमिनीखालचा शेकडो फूट जाडीचा वाळू-गोट्यांचा थर, ज्यातलं पाणी उपसून झालं होतं. कधीकाळी शेतकऱ्यांना उठवून घेतलेली जमीन अशी कामाला आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथं प्रायोगिक तळी खोदली. पुढे मध्य अव्रा प्रकल्पात ११ आणि २००८ पासून चालू झालेल्या दक्षिण अव्रा प्रकल्पात ९ अशी तळी झाली. दोन्ही मिळून वर्षाला दीड लाख एकर-फुटांहून जास्त पाणी जिरवण्याचा परवाना आहे. (एकर-फूट म्हणजे एक एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी.) कालव्यातला टूसॉनचा वाटा वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत सव्वासहा टीएमसी. तीन खडकवासला धरणं भरून थोडं उरेल इतकं. त्यातलं बहुतेक जमिनीत.

लांबून पाहिलं तर ही तळी अगदी साधी. मातीच्या बांधांनी आखलेले मोठाले चौकोन, त्यात गुडघा-मांडीभर पाणी, भोवती क्रेओसोटची खुरटी झुडपं आणि क्षितिजावर हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. पाझर तलाव म्हणालात तर चालेल, पण एक फरक आहे. आपल्याकडचा पाझर तलाव एकदा भरला की आटेपर्यंत तसाच राहतो आणि दरवर्षी गाळानं थोडा थोडा मरतो. इथं तळं मुद्दाम उपाशी ठेवतात. काही दिवस पाणी सोडायचं, मग तोडायचं आणि तळ उन्हात पूर्ण वाळू द्यायचा. शेवाळ आणि बारीक मातीची जी खपली तळाला धरते ती वाळून तडकते, तिच्या पापुद्र्यांच्या कडा वर उचलल्या जातात. अधूनमधून ट्रॅक्टर घालून तळ खरवडून किंवा नांगरून घेतात. मग पुन्हा पाणी. अशानं जमीन रोज फूटभराच्या हिशोबात पाणी पिते. उन्हानं उडून जाणारं पाणी त्यापुढे किरकोळ. वाळवंटात उघडं धरण बांधण्यापेक्षा हे का परवडतं, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

खाली उतरलेलं पाणी मूळच्या भूजलात मिसळतं आणि त्याच परिसरातल्या विहिरींतून वर काढून डोंगरापलीकडे शहरात नेतात. ते १९९२ सारखं निव्वळ कोलोरॅडोचं राहत नाही. दोन्हींचं मिश्रण होतं, वाळूतून गाळलेलं, हळूहळू बदलत जाणारं. त्याचा आम्ल-अल्क तोल राखला, जुने गंजके पाइप बदलले. आणि या वेळी पाणी खात्यानं आणखी एक गोष्ट केली, जी मला अभियांत्रिकीपेक्षा मोठी वाटते. सगळ्या शहरावर एकदम पाणी सोडण्याऐवजी आधी बाटल्या भरून वाटल्या, पिऊन बघा म्हणाले. मग काही मोजक्या वस्त्यांना विचारून, त्यांच्या राजीखुशीनं, तिथं आधी चालू केलं. मे २००१ मध्ये शहराला हे पाणी जाऊ लागलं. बोंब झाली नाही. कित्येकांना बदल झाल्याचं कळलंही नसावं.

शहराच्या मध्यभागातल्या जुन्या विहिरींना विश्रांती मिळाली आणि तिथली पातळी वर चढू लागली. शहराची एकूण पाण्याची गरज दरम्यान १९८० च्या दशकाच्या मध्याइतकीच राहिली, लोकसंख्या दोन लाखांहून जास्त वाढूनसुद्धा. संडासातल्या फ्लशच्या टाक्या लहान झाल्या, हिरवळी जाऊन अंगणात निवडुंग आले, दर चढत्या टप्प्यांचे झाले. त्यामुळे मिळणाऱ्या पाण्यातलं बरंचसं वापरलंच जात नाही, ते खाली साठून राहतं. काही वर्षांची बेगमी अशी तयार झाली आहे.

क्षार मात्र राहिले. कोलोरॅडोच्या पाण्यात टूसॉनच्या मूळ भूजलाच्या दुपटीहून जास्त विरघळलेले क्षार आहेत. जमीन जंतू अडवते, सेंद्रिय घाण खाते, पण मीठ खात नाही. दरवर्षी ट्रेनच्या ट्रेन भरतील इतकं मीठ या खोऱ्यात येऊन पडतं आणि ते बाहेर जायला वाट नाही.

मैलापाणी कोणाचं?

आता दुसरं पाणी. शहर पाणी वापरतं आणि त्यातलं घरातलं बहुतेक गटारात जातं. नदी आटलेली असल्यामुळे सांता क्रूझच्या पात्रात शहराच्या उत्तरेला जे काही वाहत होतं ते निव्वळ प्रक्रिया केलेलं सांडपाणी होतं. आपल्याकडे सांडपाणी म्हटलं की ते 'कुठे घालवायचं' हा प्रश्न असतो. टूसॉनमध्ये प्रश्न पडला, ते 'कोणाचं' हा.

१९७५ मध्ये तोहोनो ओओधाम आदिवासींच्या वतीनं शहर, खाणी आणि मोठे शेतकरी यांच्यावर खटला भरला गेला: आमच्या सॅन झेवियर भागाखालचं पाणी तुम्ही ओढून नेलंत. १९८२ मध्ये संसदेनं तडजोडीचा कायदा केला. त्यात इतर पाण्याबरोबर वर्षाला २८,२०० एकर-फूट प्रक्रिया केलेलं सांडपाणीही केंद्र सरकारच्या हाती द्यायचं ठरलं, आदिवासींचा हक्क भागवण्यासाठी. सगळ्याचा शेवट व्हायला २००४ साल उजाडलं. त्याआधी १९७९ मध्ये शहर आणि पिमा परगणा (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी काउंटी) यांच्यात करार झाला होता: गटारं आणि शुद्धीकरण केंद्रं परगण्याची, पाणी मात्र ९० टक्के शहराचं, १० टक्के परगण्याचं. गटारातल्या पाण्याची अशी दस्तऐवज करून वाटणी झाली आणि मगच त्यावर पैसा लावायला लोक तयार झाले. ही पायरी सहसा अहवालांत येत नाही. माझ्या मते ती नसती तर बाकीचं काही झालं नसतं.

१९८४ मध्ये पुनर्वापराची वेगळी नळयोजना चालू झाली. पहिलं गिऱ्हाईक एक गोल्फ मैदान. नाक मुरडायला ही सोयीची जागा आहे, आणि वाळवंटात गोल्फ हा प्रकार मलाही पटत नाही. पण हिशोब सरळ होता: गोल्फवाले पिण्याचं भूजल उपसून हिरवळ भिजवत होते, ते थांबवायचं आणि त्यांच्याच पैशांतून पाइप टाकायचे. आज जांभळ्या पाइपांचं जाळं सुमारे २०० मैलांचं झालंय. गोल्फ मैदानं, बागा, शाळांची पटांगणं, विद्यापीठ आणि काही शे घरं त्यावर आहेत. जांभळा रंग म्हणजे 'हे पिऊ नका'. व्हॉल्व्हची झाकणंही जांभळी, फवाऱ्याची डोकीही जांभळी, शेजारी पाटी.

हे पाणी उन्हाळ्यात कमी पडतं आणि हिवाळ्यात नको होतं. मग हिवाळ्याचं पाणी ठेवायचं कुठे? पुन्हा जमिनीत. स्वीटवॉटर नावाच्या जागी नदीकाठी तळी आहेत. त्यांत दुय्यम प्रक्रियेनंतरचं सांडपाणी सोडतात आणि उन्हाळ्यात तिथल्याच विहिरींतून उपसतात. इथं जमीन नुसती टाकी नाही, ती प्रक्रियेची शेवटची पायरी आहे. तळं कोरडं असताना वरच्या थरात हवा शिरते आणि तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. पाणी भरलं की हवा संपते आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं अशी पाळी चुकली की हे गणित फसतं. म्हणजे तळं सुकवणं हे खपली काढण्यापुरतं नाही, तो जिवाणूंचा पाळणा आहे. विषाणू आणि जंतू वाळूच्या कणांना चिकटून तिथंच मरतात. काही औषधांचे आणि रसायनांचे अंश मात्र या चाळणीतूनही खाली जातात, त्याकडे पुढे येऊ.

तळ्यांशेजारी १९९६ साली केलेली पाणथळ जागा आहे. गाळण यंत्रं उलट्या दिशेनं पाणी सोडून धुतल्यावर निघणारं गढूळ पाणी निवळायला केलेली. तिथं पहाटे गेलं तर पहिल्यांदा नाकाला जाणवतो तो किंचित क्लोरीन आणि कुजलेल्या पाल्याचा मिश्र वास. मग पाणकणसांच्या गच्च भिंतीतून लाल खांद्याच्या काळ्या पक्ष्यांचा गजर. बदकं, कासवं, कधी बॉबकॅट हे रानमांजर. पक्ष्यांच्या तीनशेच्या आसपास जातींची नोंद या मैलापाण्यावर झाली आहे. डास होऊ नयेत म्हणून पाण्यावर सतत औषध आणि दर हिवाळ्याच्या शेवटाकडे पाणकणसं पेटवून द्यायचा कार्यक्रम ठरलेला. अग्निशमन दलच येऊन आग लावतं. महिन्याभरात पुन्हा हिरवे कोंब.

स्वच्छ पाण्यानं आखूड केलेली नदी

२०१३ च्या शेवटी परगण्यानं सांडपाण्याचं जुनं, आसपासच्या वस्त्यांना वासानं हैराण करणारं केंद्र बंद करून 'आग्वा नुएवा' हे नवं केंद्र चालू केलं. उत्तरेच्या दुसऱ्या केंद्राचीही सुधारणा झाली. दोन्हींवर मिळून ६० कोटी डॉलरांहून जास्त खर्च. पाण्यातला अमोनिया एकदम खाली आला. २०१७ मध्ये गिला टॉपमिनो हा बोटभर लांबीचा, नामशेष होण्याच्या यादीतला मासा टूसॉनजवळच्या पात्रात पुन्हा सापडला, कित्येक दशकांनी.

पण एक गोष्ट कोणाच्या मनासारखी झाली नाही. नदी आखूड झाली. आधी घाण पाण्यामुळे पात्राच्या तळाला चिकट थर धरला होता, त्यावरून पाणी कित्येक मैल पुढे वाहत जायचं. पाणी स्वच्छ झालं, थर गेला आणि वाळूनं तोंड उघडलं. तेच पाणी आता अलीकडेच जिरून जाऊ लागलं. भूजलवाल्यांना आनंद, काठच्या झाडांची पंचाईत.

यात कायद्याचाही हात आहे. ॲरिझोनात पाणी जिरवलं की खात्यावर जमा होतं आणि ती जमा पुढे कधीही उचलता येते. मूळ नियमांत, सांडपाणी बांधीव तळ्यात जिरवलं तर जवळपास सगळं जमा, नदीच्या पात्रात सोडून जिरवलं तर निम्मंच. मग पाण्याचा मालक ते नदीत का ठेवील? त्याच वहीचा दुसरा दोष असा की जमा एका जागी करून उपसा त्याच व्यवस्थापन क्षेत्रात दुसरीकडे करता येतो. वही जुळते. पण जिथं उपसा होतो तिथली विहीर वहीत बघून भरत नाही.

या पार्श्वभूमीवर २४ जून २०१९ ला शहरानं जे केलं ते वेगळं होतं. तो सान हुआनचा दिवस, पावसाळ्याच्या आगमनाचा सण. आपल्याकडे मृगाकडे डोळे लागतात तसा. त्या दिवशी शहराच्या मध्याजवळ, जुन्या काळ्या टेकडीपासून जवळ, कोरड्या सांता क्रूझमध्ये पुनर्वापराचं पाणी सोडलं: दिवसाला जास्तीत जास्त २८ लाख गॅलन, म्हणजे कोटीभर लिटर. लोक पात्रात उतरून पाण्याच्या जिभेबरोबर चालत गेले. पहिल्याच दिवशी चतुर आले. विद्यापीठाचे अभ्यासक जाळी घेऊन उभेच होते. पुढच्या वर्षी टॉपमिनोही आणून सोडले.

मग अडचण निघाली. काठाला जुने कचराडेपो पुरलेले आहेत. नदीतून झिरपलेलं पाणी वर चढून त्या कचऱ्याला लागलं तर? त्यामुळे सोडायचं पाणी बेतानं, मोजून सोडावं लागतं. साठ-सत्तर वर्षं नदी मेलीच आहे असं धरून तिच्या काठावर जे काही पुरलं, त्याचा हिशोब आता नदी जिवंत करणाऱ्यांना द्यावा लागतोय.

जमीन विसरत नाही

शहराच्या दक्षिणेला विमानतळाभोवती विमानांचे कारखाने आणि लष्करी तळ. धातूचे भाग धुवायला वापरलेलं ट्रायक्लोरोएथिलीन वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं. १९८१ मध्ये ते पिण्याच्या विहिरींत सापडलं. आसपासची वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कामगारांची, आणि तीच हे पाणी प्यायली होती. १९९० च्या दशकात तिथलं पाणी उपसून, साफ करून शहराला देणारं केंद्र उभं राहिलं. ते चांगलं चाललं असताना त्याच पाण्यात पीफास सापडलं, अग्निशामक फेसातली, वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं. २०२१ मध्ये त्या केंद्राचं पाणी पिण्यासाठी देणं बंद केलं. सांडपाण्यातूनही पीफास थोडंफार येतं आणि नदीत जिरणाऱ्या पाण्याबरोबर खाली जातं, म्हणून काठच्या काही विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आहेत. पाणी जमिनीत ठेवायचं म्हणजे जमिनीत आधी काय काय ठेवलंय याची यादी हातात असावी लागते. ही यादी टूसॉनकडे अर्धवट होती, आपल्या एमआयडीसीभोवतीच्या गावांकडे तेवढीही नसते.

उसन्या नदीचा भरवसा

आता मूळ मुद्दा. टूसॉननं जमिनीत भरलेलं बहुतेक पाणी टूसॉनचं नाही. ते शेकडो किलोमीटर दूरच्या नदीचं आहे आणि ती नदी राज्याराज्यांतल्या १९२२ च्या करारात तिच्यात असलेल्या पाण्यापेक्षा जास्त वाटून टाकलेली आहे. १९६८ मध्ये कालव्याला मंजुरी मिळवताना ॲरिझोनानं एक अट मान्य केली: तुटवडा आला तर कॅलिफोर्नियाच्या आधी आमच्या कालव्याचं पाणी तोडा. तेव्हा ते दूरचं वाटलं असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत तुटवडा जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कापलं गेलं. पहिला फटका पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना बसला. शहरं वाचली. पुढच्या खेपेला वाचतीलच असं नाही.

अशा वेळी शहराच्या वाढीबरोबर वाढणारं, कोलोरॅडोच्या करारात न अडकलेलं पाणी दोनच: छपरावर पडणारं आणि गटारात जाणारं. पावसाच्या बाबतीत टूसॉननं २००८ मध्ये नियम केला, तो २०१० पासून लागू आहे: नव्या व्यापारी इमारतींनी बागेच्या गरजेचं निम्मं पाणी पावसातून भागवायचं. त्याआधी ब्रॅड लँकेस्टर नावाच्या रहिवाशानं आपल्या गल्लीत रस्त्याच्या काँक्रीटच्या काठाला खाच पाडून पावसाचं पाणी झाडांच्या आळ्यात वळवलं होतं. तेव्हा ते बेकायदा होतं. पुढे महापालिकेनंच त्याचा नमुना नियमात घेतला.

आणि गटाराचं? २००७ मध्ये, सांडपाणी कितीही शुद्ध केलं तरी पिण्यासाठी द्यायचं नाही, असा बंदीचा ठराव टूसॉनमध्ये मतदानाला आला होता. तो पडला. जानेवारी २०२५ मध्ये शहरानं केंद्र सरकारशी करार केला: सांडपाणी पिण्याजोगं करणाऱ्या केंद्रासाठी ८ कोटी ६७ लाख डॉलर केंद्र सरकार देणार, बदल्यात शहर दहा वर्षांत कोलोरॅडोतलं ५६ हजार एकर-फूट पाणी, म्हणजे अडीच टीएमसीच्या आसपास, नदीवरच्या धरणामागच्या मीड सरोवरातच राहू देणार. शहराच्या वायव्येला दिवसाला २५ लाख गॅलन पाणी करणारं हे केंद्र व्हायचं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यानं अशा पाण्याचे नियमही मंजूर केले. या केंद्रात वाळूचं तळं नाही, सुकवण्याची पाळी नाही, महिनोन्‌महिने खाली मुरणं नाही. एका टोकाला गटाराचं पाणी, मध्ये गाळण्या आणि यंत्रं, दुसऱ्या टोकाला पिण्याचा नळ. बाटल्या भरून वाटायला पाणी खात्याला पुन्हा एकदा निघावं लागेल, असं दिसतंय.